अनुदानासाठी अर्ज, पाने चौदा

११ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. पुढेमागे अभ्यासकांच्या हाती लागलीच तर अक्षर लागावं, एवढीच काळजी घेतो आहे.

संकल्प तीन. रोज दोन तास लेखन. दुपारी झोप नाही. कलेसाठी सरकारी पैशाला हात लावायचा नाही. मिंधेपणा आला की वाक्याचा कणा मोडतो.

दुपारी ४
उठलो. बायकोने दुकानातून पेपरचं कात्रण पाठवलंय. कला साहाय्य मंडळ नाट्यसंस्थांना अनुदान देणार. मुदत २८ तारीख, संध्याकाळी पाच. कात्रणावर तिने पेनने लिहिलंय, 'बघा जमलं तर.' जमलं तर! वीज खात्याच्या बिलिंग सेक्शनमध्ये चोवीस वर्षं फॉर्म तपासले मी. फॉर्मने मला घाबरावं.

तिसऱ्या संकल्पात किरकोळ दुरुस्ती. पैसा सरकारचा नसतोच, जनतेचा असतो. जनतेला तो चांगल्या कामी लावायची संधी मिळत असेल तर मध्ये पडणारा मी कोण?

१३ फेब्रुवारी
तालीम. बायकोच्या चष्म्याच्या दुकानावरची खोली, जुन्या फ्रेमांची खोकी, त्यात आमचा नाट्यसंघ. एकोणीस वर्षांपूर्वी मी स्थापला तेव्हा बावीस जण होते. आता पाच. गाळून गाळून सत्त्व उरलंय.

नाटक माझंच. 'निर्वातातील पाच हाका', अंक पाच. एक माणूस हाका मारतो, दुसरा ओ देत नाही. हाका मारणारा सुतार आहे. म्हणजे धंद्याने सुतार, नेपथ्यही तोच करतो. ओ न देणारी सिस्टर. ती सरकारी दवाखान्यात डायलिसिस विभागात नर्स आहे, म्हणून सगळे सिस्टरच म्हणतात. चार अंक प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहते आणि पाचव्यात 'नाही' म्हणते. अवघड भूमिका. आज ड्यूटीवरून थेट आली आणि तिसऱ्या अंकात उभ्या उभ्या डुलकी लागली. भूमिकेशी इतकी एकरूप झालेली नटी मी पाहिली नाही.

तालीम संपल्यावर सुतार म्हणाला, सर, तीन वर्षं झाली, प्रयोग एकही नाही, या वर्षी काही झालं नाही तर मी थांबतो. बाकीचे जमिनीकडे बघत होते. मी हसून सांगितलं, अनुदान आल्यात जमा आहे. अजून फॉर्म डाउनलोड करायचाय, पण तो तपशील.

१६ फेब्रुवारी
फॉर्म आला. चौदा पानं. कलेबद्दल प्रश्न एकच, तोही सातव्या पानावर, उत्तराला जागा तीन ओळी. बाकी सगळं लाभार्थी, उद्दिष्टं, निष्पत्ती आणि 'मोजता येण्याजोगा बदल'. हा फॉर्म बनवणाऱ्याने आयुष्यात एकच कला पाहिली असावी, ती रकाने आखण्याची.

'प्रकल्पाने समाजात काय बदल होईल? (३०० शब्द)'. दोन हजार सातशे झाले. एकही काढण्यासारखा नाही.

'लाभार्थी कोण?' लिहिलं, येणाऱ्या पिढ्या.

'लाभार्थी संख्या?' लिहिलं, वरीलप्रमाणे.

२० फेब्रुवारी
सिस्टर चाचरत म्हणाली, सर, मीपण एक अर्ज भरलाय, छोट्या गटातला, जरा बघाल का. तिच्या विभागात पेशंट आठवड्यातून तीनदा येतात, चार-चार तास मशीनला लावलेले पडून असतात, छताकडे बघत. तिला त्यांच्या खाटेशेजारी बसून गोष्टी वाचायच्यात, छोटे प्रवेश करायचेत, त्यांच्याकडच्या गोष्टी ऐकून पुढे त्याच करायच्यात.

मला वाईट वाटलं. एकोणीस वर्षं माझ्या हाताखाली काढून हे? पहिली दोन पानं चाळली. बदलाच्या रकान्यात तीनशे शब्दांची मुभा असताना हिने लिहिलंय, 'त्यांचा वेळ जाईल.' बस. हसू आवरलं. समजावलं की हे समाजसेवेत मोडतं, कलेत नाही. कलेने वेळ जात नसतो, थांबतो. ती मान डोलवून म्हणाली, पुढची पानंही बघता का सर. म्हटलं, गरज नाही, मला कळलं. मिळणार नाही, मनाला लावून घेऊ नकोस, हेही आधीच सांगून ठेवलं. मन मोडायचं तर वेळेत मोडावं.

२५ फेब्रुवारी
संस्थेचे तीन वर्षांचे तपासलेले हिशेब जोडायचेत. मेहुणा सीए आहे. त्याने विचारलं, भावोजी, पावत्या कुठायत? सांगितलं, आम्ही विश्वासावर चालतो. तो म्हणाला, मग विश्वासाची झेरॉक्स द्या. बायकोच्या माहेरी विनोदाची ही पातळी.

शेवटी बायकोने दुकान बंद असताना दोन दुपारी बसून सगळं लावलं. मी बाजूला बसून नैतिक आधार दिला.

२८ फेब्रुवारी, दुपारी ४.१०
पोर्टल चालत नाही. माझी फाईल मोठी आहे म्हणतंय. दोन एमबीच घेतं. माझे वेगवेगळ्या मुद्रांतले चव्वेचाळीस फोटो जोडलेत, ते काढले तर निवड समितीला मी कसा कळणार?

४.३५
मंडळाच्या हेल्पलाइनवरच्या मॅडम म्हणाल्या, फोटो मागितलेलेच नाहीत. त्यांना शांतपणे त्यांच्या संस्थेचं भवितव्य सांगितलं. फोन कट झाला. नेटवर्क.

४.४०
सिस्टरला फोन. दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरून करते म्हणाली, तिचा स्वतःचाही तिथूनच जायचा होता. मी फाईल पाठवली.

५.०५
माझा अर्ज ४.५२ ला गेला. तिचा ४.५९ ला. फोटो तिने बेचाळीस काढले. जरा आधी सुरुवात केली असती तर निदान दहा ठेवता आले असते. या मुलीला वेळेचं नियोजन शिकवलं पाहिजे. 'मुलगी' आता पंचेचाळीसची आहे, तरीही.

२१ मार्च
मुलाखतीला बोलावलं! तीस जणांत. सिस्टरलाही बोलावलंय. कोटा असणार.

२७ मार्च, संध्याकाळी ६
मुलाखत. काळा कोट, मफलर. उकडत होतं, पण व्यक्तिमत्त्व म्हणून काही असतं. सिस्टर ड्यूटीवरून आली, तशीच युनिफॉर्ममध्ये. तिला म्हटलं, अगं, निदान साडी बदलायचीस. ती म्हणाली, परत जायचंय सर, दुपारच्या बॅचला कोणी नाहीये.

तिला आत सात मिनिटं ठेवलं. मला अठ्ठावीस. यावरून काय ते समजावं.

समितीत तिघे. एक नृत्यवाल्या बाई, एक प्राध्यापक, एक लेखाधिकारी. विचारलं, तुमचा प्रेक्षक कोण? म्हणालो, काळ. बाईंनी पेन खाली ठेवलं. प्राध्यापक खिडकीबाहेर पाहू लागले, विचार खोल गेला असणार. लेखाधिकाऱ्याने विचारलं, काळाची तिकिटं किती गेली? असल्या माणसांच्या हाती कला! त्याला पहिला अंक तोंडपाठ म्हणून दाखवला. मध्ये दोनदा घंटी वाजली, चहाची असावी. चहा काही आला नाही.

बायको बाहेर बाकावर होती. म्हणाली, ती घंटी वेळ संपल्याची असते. तिने काचेला कान लावून बसायची गरज नव्हती.

१८ एप्रिल, सकाळी ११
यादी लागली. माझा नंबर नाही.

११.२०
पान अर्धंच उघडलं असावं. रिफ्रेश केलं.

११.४०
सिस्टरचा नंबर आहे.

१२.१५
हेल्पलाइनच्या मॅडमना फोन. सांगितलं, टायपिंगची चूक आहे, एकाच संस्थेतले दोन अर्ज, नंबर बदलला गेला असणार. त्या म्हणाल्या, यादी अंतिम आहे, अभिप्राय लेखी मिळेल. सुरुवातीलाच आवाज ओळखून 'हं, बोला' म्हणाल्या. मंडळात माझं नाव झालंय एकूण.

दुपारी ३
सिस्टरचा फोन आला. उचलला नाही. एसएमएस केला, 'अभिनंदन.' पूर्णविरामासकट. तिला कळेल.

संध्याकाळी
तिचं उत्तर आलं, 'थँक्यू सर!! तुमच्यामुळेच.' कळलेलं नाही.

२४ एप्रिल
लेखी अभिप्राय. जसाच्या तसा उतरवतो, अभ्यासकांसाठी. 'उद्दिष्टे स्पष्ट नाहीत. लाभार्थी म्हणून येणाऱ्या पिढ्या दर्शविल्या आहेत, पडताळणी शक्य नाही. अर्जदारांनी मुलाखतीत वेळेचे भान ठेवावे.'

एवढ्या चौकटीत विचार करणाऱ्यांचा पैसा न मिळाला तेच बरं. मी तर ११ फेब्रुवारीलाच लिहून ठेवलं होतं, सरकारी पैसा नको. पान उलटून बघता येईल.

बायकोने अभिप्राय दोनदा वाचला. म्हणाली, मराठी चांगलं आहे.

२ मे
नवी दिशा. खाजगी धर्मादाय ट्रस्ट! रकाने नाहीत, समिती नाही, एक माणूस आणि त्याचं मोठं मन. पाइप बनवणाऱ्या एका कारखान्याचा ट्रस्ट आहे. बायकोच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची ओळख निघाली. सोमवारी भेट.

५ मे
विश्वस्त सज्जन आहेत. वीस मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाले, छान आहे, पण यात पाण्याची बचत कुठे येते?

मी ताठ मानेने उठलो. माझ्या नाटकात पाणी? माझं नाटक निर्वातात घडतं. तिथे हवासुद्धा नाही.

६ मे
विचार करता, तिसऱ्या अंकात हाका मारणाऱ्याला तहान लागू शकते.

८ मे
रंगमंचाच्या मधोमध एक पाइप. त्यातून पाणी येत नाही. हे प्रतीक आहे. सुतार म्हणाला, सर, पाइपवाल्यांच्या नाटकात पाइपातून पाणी येत नाही म्हणून कसं चालेल? मुद्दा आहे. पाणी येऊ दिलं. सिस्टर आता पाठ करून उभी असताना शेवटी 'नाही'ऐवजी 'नळ बंद कर' म्हणते. अर्थ उलट गहिरा झालाय.

१२ मे
विश्वस्तांचा निरोप, यंदा ट्रस्टने फक्त नेत्रशिबिरं घ्यायची ठरवलीत. सोबत विचारणा, दोनशे चष्मे पुरवायला तुमच्या मिसेसना जमेल का.

मिसेसना जमतंय. कारागिराला सुट्टी रद्द करायला सांगितलीय. संध्याकाळभर गुणगुणत होती. आणि मी तिथे चार वेळा गेलो, स्वतःच्या पेट्रोलने.

१६ मे
संघाची बैठक. विषय एकच, सिस्टरचा प्रकल्प. सुतार खाटेच्या कठड्याला अडकवता येईल असं पुस्तकाचं स्टँड करून आणून दाखवत होता. तीन वर्षांत त्याला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. बाकी दोघे कोणत्या वारी कोण जाणार याचं वेळापत्रक करत होते. 'हाका'चं नाव कोणी काढलं नाही. मी घसा साफ केला. कोणीतरी पाणी दिलं.

निर्णय झाला. उद्या राजीनामा.

१७ मे
राजीनामा, पानं तीन. अध्यक्ष, लेखक, दिग्दर्शक, तिन्ही पदांचा. उभं राहून वाचला. 'हे छप्पर ज्या खांबावर उभं होतं तो खांब आज स्वतःहून बाजूला होत आहे' या वाक्याला क्षणभर थांबलो, कोणाला अडवायचं असेल तर जागा मिळावी म्हणून. कोणी अडवलं नाही. छप्परही जागच्या जागी.

मग आभाराचा ठराव. सुतार मांडणार, बाकी अनुमोदन देणार. किती ती घाई! सिस्टरने तेवढा हात वर केला नाही. डोळे पुसत होती की चोळत होती, सांगता येत नाही, सकाळची ड्यूटी होती.

निघताना बूट घालायला जरा वेळ लावला. नाड्या सोडून परत बांधल्या. सुतार दारात आला. वाटलं, आला. तो म्हणाला, सर, खोलीची किल्ली तेवढी.

२९ मे
बारा दिवस. फोन नाही. लाजत असतील.

दुपारी दुकानात बसतो. बायको शिबिराच्या चष्म्यांत बुडालेली. गिऱ्हाइकांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतो. शब्दोच्चार भयंकर आहेत लोकांचे. एका आजींना 'ळ' तीनदा म्हणायला लावला, त्या न घेता गेल्या. बायको म्हणाली, तुम्ही घरी जाऊन झोपा.

३ जून
सिस्टर घरी आली. हातात मंडळाचं पत्र. पहिला हप्ता सुटायला मार्गदर्शकाचं संमतिपत्र हवं. म्हटलं, मग घे त्याच्याकडून. ती म्हणाली, सर, ते तुम्हीच आहात ना.

अर्ज दाखवला. सहावं पान. 'कलाविषयक मार्गदर्शक' आणि पुढे माझं नाव, एकोणीस वर्षांचा अनुभव, मानधनसुद्धा. म्हणाली, समितीने विचारलं होतं हे कशाला लागतात, तर मी सांगितलं, बोलायला मला त्यांनीच शिकवलं, नाहीतर मी तोंड उघडत नव्हते. फेब्रुवारीत तुम्हाला दाखवायलाच आणलेलं.

बराच वेळ पान बघत बसलो. छपाई बारीक असते या लोकांची.

बायको चहा ठेवून गेली.

सही केली. अट एक घातली, मी स्वतः जाऊन आदर्श वाचन करून दाखवीन. सिस्टरने पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली आणि हो म्हणाली.

९ जून
पहिलं वाचन. डायलिसिस विभाग, खाटा आठ, मशिनं आठ, एसीचा गारठा, सगळे गळ्यापर्यंत चादरी ओढून. मला चार नंबरची खाट दिली. एक निवृत्त लिफ्टमन, सत्तरीचे. वही काढली. 'हाका', पहिल्यापासून. आवाज असा लावला की आठही खाटांना लाभ व्हावा.

चार तास. एकही प्रेक्षक जागचा हलला नाही! एकोणीस वर्षांत हे प्रथमच. सिस्टर म्हणाली, सर, त्यांच्या हाताला नळ्या होत्या. असतील.

दोन नंबरच्या बाईंनी दुसऱ्या अंकात चादर डोक्यावरून घेतली. भावना अनावर होतात माणसाला.

१६ जून
वाया गेलेला दिवस. वाचायचा चष्मा घरी राहिला. चष्म्याचं दुकान घरात असून! वहीतलं अक्षर दिसेना. लिफ्टमन म्हणाले, राहू द्या, तुम्ही आधी काय करत होता?

वेळ काढायचा म्हणून बिलिंग सेक्शनचं सांगितलं. एक बाई दर महिन्याला यायच्या आणि बिल कमी आलंय म्हणून भांडायच्या. नवरा गेल्यापासून निम्मंच येतं, म्हणायच्या, मीटर बघा. तीनदा बघितलं, मीटर ठीक होतं. शेवटी मीच त्यांना सांगायचो, बसा, तपासतो, आणि उगाच रजिस्टर चाळायचो अर्धा तास. मग जायच्या. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नाहीच त्यात.

मग लिफ्टमननी त्यांच्या लिफ्टमध्ये दोन तास अडकलेल्या दोन साहेबांची गोष्ट सांगितली. एकमेकांवर कोर्टात केस केलेली दोघांनी, आणि बाहेर आले ते एकाच डब्यातलं खात. मी इतका हसलो की तेही हसू लागले, हात हलला, मशीन किंचाळलं, सिस्टर धावत आली. दोन नंबरच्या बाई चादरीतून तोंड काढून म्हणाल्या, जरा मोठ्याने सांगा, इकडे येत नाही.

चार तास कसे गेले कळलं नाही. कलेचं काम मात्र शून्य. एक ओळही वाचून झाली नाही. पुढच्या खेपेला दोन चष्मे नेणार.

३० जून
पहिल्या महिन्याचा अहवाल मंडळाला पाठवायचाय. सिस्टर दुकानात घेऊन आली. 'लाभार्थ्यांचा प्रतिसाद' असा रकाना आहे, पेशंट जे बोलले ते तिने शब्दशः उतरवलंय. सुताराच्या नावापुढे सात ओळी, सगळं कौतुक. माझ्या नावापुढे दोन.

'खाट क्र. २: ते बिलवाले मंगळवारी येणार असतील तर माझी पाळी मंगळवारी करा.'

'खाट क्र. ४: माणूस चांगला आहे. फक्त वाचू देऊ नका.'

सिस्टर म्हणाली, सर, ही शेवटची ओळ खोडू का. बायकोने काउंटरवरून मान वर केली आणि परत खाली घातली.

मी म्हटलं, राहू दे. लाभार्थी बोलले ते मंडळाला कळलं पाहिजे.

खाली मार्गदर्शकाची सही लागते. केली. तारीख घातली. मंगळवारी किती वाजता यायचं, ते विचारून घेतलं.